कांडी, तार आणि खुर्ची

सोलापूरच्या शुक्रवार पेठेतून पायी निघून पूर्व भागाची वाट धरली, म्हणजे अर्ध्या तासात तीन भाषा कानांवरून जातात : भाजीवालीशी घासाघीस मराठीत चाललेली असते, दुकानाच्या फळीवर बसलेले दोन वृद्ध आपला हिशेब कानडीत मिटवीत असतात, आणि पद्मशाली विणकरांची घरे लागली की उंबरठ्याउंबरठ्यावरून तेलुगू ऐकू येऊ लागते. या तीन भाषांच्या खाली, आणि यंत्रमागांच्या खडखडाटाच्याही खाली, एक चौथा आवाज होता व काही घरांत अद्याप आहे; तो कांडी भरण्याचा. भुईवर बसकण मारून बसलेली एक स्त्री उजव्या हाताने रहाट फिरविते आणि डाव्या हाताच्या अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीतून सूत चातीवरच्या कांडीला पोचविते. ही चिमूट सैल पडली तर धोट्यात सूत गुंतते, आवळली गेली तर ते तुटते. आणि तुटलेच तर अशी गाठ द्यावी लागते की ती फणीच्या दातांतून विनातक्रार निघून जावी. कापड पुरे झाल्यावर त्याच्यावर नाव लागते ते कारखानदाराचे, मजुरी हाती पडते ती माग चालविणाऱ्याची. आणि घरच्या घरी भरलेल्या कांड्यांचा जमाखर्च बहुधा कोणत्याच वहीत लिहिला जात नाही.

मला लिहावयाचे आहे ते विजेच्या सूक्ष्म उपकरणांच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या उद्योगाविषयी, आणि त्या उद्योगात कारखान्याच्या फरशीवरून निघून मुख्य तंत्रज्ञान अधिकाऱ्याच्या खुर्चीपर्यंत गेलेल्या एका स्त्रीविषयी. तरीही आरंभ कांडीपासून केला, कारण या उद्योगात स्त्रिया शिरल्या त्या विद्यापीठाच्या दारातून नव्हे. त्या शिरल्या सुताच्या दारातून. हा संबंध केवळ उपमेचा नाही. तो कारखान्यांच्या आणि यंत्रांच्या इतिहासात प्रत्यक्ष घडलेला आहे, आणि सोलापूरसारख्या विणकरांच्या शहराने तो आपला म्हणून ओळखावा अशी माझी इच्छा आहे.

सोलापुरात १८७७ साली जुनी गिरणी सुरू झाली, पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू या गिरण्या उभ्या राहिल्या, आणि शहराचा दिवस भोंग्यावर उठू-निजू लागला. दुष्काळाने आणि कर्जाने देशोधडीला लागलेली तेलंगणातील, कर्नाटकातील व माणदेशातील कुटुंबे या भोंग्याच्या ओढीने येथे आली. त्यांतील पुरुष माग, भट्टी, पिंजण अशा नाना खात्यांत विखुरले; स्त्रियांच्या वाट्याला मुख्यत्वे आले ते सूत गुंडाळण्याचे आणि लडी करण्याचे काम. घरी जी चिमूट रहाटापुढे बसत होती तीच येथे यंत्रापुढे उभी राहिली. मुंबई इलाख्यातील गिरण्यांतून या स्त्रियांवर देखरेख करणाऱ्या बाईला ‘नायकीण’ म्हणत. हा शब्द आज उच्चारला की वेगळाच अर्थ मनात येतो, परंतु गिरणीच्या बोलीत त्याचा अर्थ सरळ होता : पुरुषांच्या खात्यात जो जॉबर, ती बायकांच्या खात्यात नायकीण. कोणाला कामावर घ्यावयाचे, कोणाची हजेरी मांडावयाची, बाळंतपणानंतर परतलेल्या बाईला यंत्र द्यावयाचे की नाही, हे पुष्कळ अंशी तिच्या शब्दावर ठरे. १९३१ साली मजुरांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या व्हिटली आयोगाने आपला अहवाल दिला, त्यात जॉबरांच्या दस्तुरीबरोबर, म्हणजे कामगारांकडून उकळलेल्या पैशांबरोबर, या बायकांच्या दस्तुरीचाही समाचार घेतलेला आहे. आणि ती दस्तुरी खरोखर चालत असे, यात संशय घेण्याचे कारण नाही. परंतु आयोगाच्या ठपक्यापलीकडे एक गोष्ट उरते. पश्चिम हिंदुस्थानातील यंत्रोद्योगात दुसऱ्यांच्या कामाची व्यवस्था लावण्याचा, म्हणजे आज ज्याला व्यवस्थापन म्हणतात त्याचा, अधिकार ज्या पहिल्या स्त्रियांच्या हाती आला त्यांत या बहुतांशी निरक्षर नायकिणी होत्या. त्यांना बढतीची पुढची पायरी मात्र नव्हती. नायकिणीच्या वर जो कोणी असे तो पुरुषच असे, आणि ती कितीही हुषार निघाली तरी खात्याच्या दारापाशी तिची कारकीर्द संपे.

आता सुताचे दुसरे टोक पाहू. फ्रान्समधील लिआँ या रेशमाच्या शहरात जोझेफ मारी जॅकार्ड याने १८०४ साली आपला माग सिद्ध केला. भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ मागावर चढवावयाची. भोक असेल तेथे आकडा ताण्याचा दोरा उचलील, नसेल तेथे दोरा खालीच राहील. आणि अशा ‘आहे’ व ‘नाही’ यांच्या साखळीतून फुले, वेली, मोर कापडावर उतरावेत. सोलापुरी चादरीवरची नक्षी ज्या जॅकार्डवर उतरली त्याचे मर्म हेच. इंग्लंडात चार्ल्स बॅबेज याने आपल्या गणनयंत्रासाठी हे पुठ्ठे घेण्याचे योजिले, आणि त्या यंत्रावर १८४३ साली विस्तृत टिपणे लिहिणाऱ्या एडा लव्हलेस या विदुषीने, जॅकार्डचा माग जशी फुलेपाने विणतो तसे हे यंत्र बीजगणिताचे आकृतिबंध विणील, अशा अर्थाचे विधान केले. १८९० च्या अमेरिकन शिरगणतीत हर्मन हॉलरिथ याने भोके पाडलेली पत्रे वापरून मोजणी केली. संगणकाच्या कुळाचा मूळ पुरुष शोधीत मागे गेले, तर एक वाट विणकराच्या घरापाशी येऊन थांबते.

पुठ्ठे गेले, परंतु विणणे गेले नाही. विसाव्या शतकाच्या मध्यावर संगणकांची स्मृती लोहभस्माच्या, म्हणजे फेराइटच्या, अतिसूक्ष्म कड्यांची करीत असत. त्या कड्यांमधून आडव्या-उभ्या तारा ओवल्या की ताणा-बाणाच तयार होई. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रा. नरसिंहन् यांच्या नेतृत्वाखाली बांधलेला आणि १९६० साली कार्यान्वित झालेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक घ्या. त्यात २,७०० निर्वात नलिका, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रोधक होते, आणि त्याची स्मृती प्रत्येकी ४० अंकांच्या २,०४८ शब्दांची होती. म्हणजे ऐंशी हजारांहून अधिक कड्यांचे ते विणकाम झाले. चंद्रावर माणूस नेणाऱ्या अपोलो यानांच्या संगणकात कायमची स्मृती ३६,८६४ शब्दांची होती. ती मॅसॅच्युसेट्समधील वॉल्थम येथे रेथिऑन कंपनीच्या कारखान्यात स्त्रियांनी हाताने ओवलेली होती, आणि त्यांच्यापैकी काही जणी कापडाच्या गिरण्यांतून तेथे आलेल्या होत्या. तार कडीतून गेली तर एक, कडीच्या बाहेरून गेली तर शून्य. एका तारेची जागा चुकली की आज्ञा चुकली, आणि आज्ञा चुकली की दोन-अडीच लक्ष मैलांवर असलेल्या तीन माणसांचे प्राण संकटात. इतक्या जोखमीचे काम करणाऱ्या या बायकांचा उल्लेख अभियंत्यांच्या बोलण्यात ‘म्हाताऱ्यांची स्मृती’ अशा विनोदाने होई.

न्यू मेक्सिकोतील शिपरॉक या गावी फेअरचाइल्ड कंपनीने १९६५ साली कारखाना काढला, आणि तेथे नाव्हाहो या मूलनिवासी समाजाच्या स्त्रिया संकलित मंडले, म्हणजे चिपा, जोडू लागल्या. हा समाज लोकरीच्या नक्षीदार सतरंज्या विणण्यात पिढ्यान्‌पिढ्या प्रसिद्ध आहे. कंपनीने १९६९ साली काढलेल्या पुस्तिकेत सतरंजीची नक्षी आणि मंडलाची नक्षी यांचे साम्य मोठ्या कौतुकाने दाखविले होते. कौतुक खरे होते, पण मजुरी ठरविताना ते उपयोगी पडले नाही. बायकांची बोटे जात्याच नाजूक असतात म्हणून हे काम त्यांना साधते, असे जगभरच्या कारखानदारांनी मानले, आणि हा युक्तिवाद मला मुळापासून अमान्य आहे. बोटे जन्मतः शिकून येत नाहीत. कोणी सतरंजीवर, कोणी कांडीवर, कोणी शिवणावर आणि कोणी तांदूळ निवडण्यावर ती वर्षानुवर्षे घोटलेली असतात. मात्र ते शिक्षण घरात, आईच्या शेजारी बसून, विनाप्रमाणपत्र झालेले असल्यामुळे त्याला कसब न म्हणता स्वभाव म्हणण्याची सोय होते, आणि एकदा स्वभाव म्हटले की त्याचा वेगळा मोबदला द्यावा लागत नाही.

आमच्या पेठेत हा उद्योग प्रथम आला तो रेडिओच्या रूपाने. मला आठवते, रेडिओ घरात असणे ही सरकारदरबारी नोंद होण्याजोगी गोष्ट होती. पोस्टातून त्याचे लायसन्स काढावे लागे, दरसाल शुल्क भरून पुस्तकावर तिकीट डकवून घ्यावे लागे, आणि ते पुस्तक रेशनकार्डाच्या शेजारी ट्रंकेत जपून ठेवलेले असे. रेडिओ बिघडला की तो धोतराच्या फडक्यात बांधून दुरुस्तीवाल्याकडे नेत. पाठीमागचे पुठ्ठ्याचे झाकण निघाले की आत तांबड्या, पिवळ्या, निळ्या तारा एकमेकींत गुंफलेल्या दिसत. प्रत्येक सांध्यावर कथील-शिशाचा एक चकचकीत थेंब बसलेला असे, आणि तारांची टोके इतकी सारखी वळलेली असत की हे काम यंत्राने केले असावे असे मला वाटे. ते यंत्राने केलेले नव्हते. मुंबई-पुण्याकडच्या रेडिओच्या कारखान्यांत लांबच लांब बाकांपुढे बसलेल्या मुली ते झाळकाम करीत. पुढे १९७३ साली मुंबईत अंधेरीला ‘सीप्झ’ हे निर्यातक्षेत्र केवळ इलेक्ट्रॉनिक मालासाठी स्थापन झाले, आणि तेथेही बाकांपुढच्या जागा मोठ्या संख्येने मुलींनीच भरल्या. गिरणीच्या खात्यातील स्थिती येथे नव्या वेषात उभी राहिली : हात स्त्रियांचे, नकाशे पुरुषांचे.

नकाशे काढणाऱ्यांच्या खोलीत शिरण्यासाठी पदवी लागते, आणि पदवी मिळविलेल्या स्त्रियांपुढेही दार आपोआप उघडत नव्हते. १९७४ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकत असलेल्या सुधा कुलकर्णी या कानडी मुलीने टाटांच्या टेल्को कंपनीची नोकरीची जाहिरात वाचली. त्यात स्त्रियांनी अर्ज करू नये अशी अट होती. तिने जे. आर. डी. टाटा यांना एक पोस्टकार्ड पाठवून जाब विचारला, पुण्यास मुलाखतीचे बोलावणे आले, आणि टेल्कोच्या कारखान्यात पहिली स्त्री अभियंता रुजू झाली. सुधा मूर्ती या नावाने पुढे त्यांना सर्वजण ओळखू लागले. मला या हकिकतीत पोस्टकार्डाइतकेच महत्त्व त्या अटीचे वाटते. तशी अट छापणाऱ्याला काही वावगे वाटले नाही, आणि ती वाचणाऱ्या बहुतेकांनाही वाटले नाही, इतकी ती त्या काळच्या रूढीत मुरलेली होती. कायदाही त्या रूढीच्या पाठीशी होता. १९४८ च्या फॅक्टरी अ‍ॅक्टाच्या ६६ व्या कलमाने कारखान्यात स्त्रियांना सकाळी सहा ते सायंकाळी सात एवढ्याच वेळात काम करण्याची मुभा दिली होती. हेतू संरक्षणाचा होता आणि गिरणीच्या काळात त्याला अर्थही होता. परंतु ज्या उद्योगात भट्ट्या रात्रंदिवस चालतात आणि बिघाड बहुधा रात्रीच होतो, तेथे रात्रपाळी न केलेल्या अभियंत्याला कारखाना पुरता कधीच कळत नाही, आणि ज्याला कारखाना कळत नाही त्याला वरची खुर्ची मिळत नाही. मद्रास उच्च न्यायालयाने २००० साली हे बंधन घटनाबाह्य ठरविले. महाराष्ट्राने आपल्यापुरती दुरुस्ती केली ती २०१५ साली.

ज्या कारकीर्दीसाठी हा लेख मांडला तिच्याकडे आता येतो. पद्मश्री वॉरियर यांचा जन्म विजयवाड्याचा. सोलापूर जिल्ह्याचे पाणी घेऊन भीमा रायचूरच्या बाजूस कृष्णेला मिळते आणि तेच पाणी पुढे विजयवाड्याच्या घाटांवरून जाते. शिवाय त्यांची मातृभाषा ती आमच्या पूर्व भागातील घराघरांत बोलली जाणारी तेलुगू. म्हणून मला त्या परक्या वाटत नाहीत. दिल्लीच्या आय. आय. टी. तून १९८२ साली त्यांनी रसायन अभियांत्रिकीची पदवी घेतली, अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात त्याच विषयाची पदव्युत्तर पदवी मिळविली, आणि प्राध्यापकीचा मनोदय बाजूस ठेवून १९८४ साली मोटोरोला कंपनीच्या अ‍ॅरिझोनातील अर्धवाहकांच्या, म्हणजे सेमीकंडक्टरच्या, कारखान्यात नोकरी धरली. ही नोकरी एक वर्ष करून परत विद्येकडे वळावे असा त्यांचा विचार होता. त्या तेथे तेवीस वर्षे राहिल्या.

मोटोरोला ही कंपनी प्रथम नावारूपाला आली ती मोटारीत बसविण्याच्या रेडिओमुळे. शिकागोत १९२८ साली गॅल्विन बंधूंनी ती काढली. दुसऱ्या महायुद्धात तिने सैनिकांच्या हाती बोलके यंत्र दिले. १९७३ च्या एप्रिलात तिच्या मार्टिन कूपर या अभियंत्याने न्यूयॉर्कच्या रस्त्यावर उभे राहून हातातल्या दूरध्वनीवरून पहिला संवाद केला. आणि १९८४ साली तो दूरध्वनी बाजारात आला तेव्हा त्याचे वजन पाऊण किलोच्या वर आणि किंमत जवळजवळ चार हजार डॉलर होती. त्याच वर्षी पद्मश्रीबाई कारखान्यात दाखल झाल्या. रसायन अभियंत्याचे इलेक्ट्रॉनिक्समध्ये काम काय, असे कोणी विचारील. वस्तुतः चिप हा पदार्थ रसायनशाळेतच जन्मतो. सिलिकॉनची आरशासारखी घासलेली चकती, त्या काळी चार-पाच इंच व्यासाची, भट्टीत जाते. प्राणवायूशी संयोग होऊन तिच्यावर ऑक्साइडचा थर चढतो. वर प्रकाशाला संवेदनशील असे द्रव्य पसरून नकाशाच्या पट्टीतून प्रकाश सोडतात. उघड्या पडलेल्या रेषा आम्लाने वा वायूने कोरतात. त्यांत बोरॉन व फॉस्फरस यांचे अंश मुरवितात. आणि ही आवर्तने अनेक वेळा होतात. ज्या खोलीत प्रकाश पाडावयाचा तेथे दिवे पिवळे असतात, कारण निळ्या उजेडाने ते द्रव्य बिघडते. माणसाने डोक्यापासून पायांपर्यंत पांढरा पोशाख चढवून आत जावयाचे, कारण त्याच्या कातडीचा एक कण चकतीवर पडला तर तेथली चिप गेली.

या धंद्याचा सगळा जीव चकतीमागे किती चिपा धड निघाल्या या एका आकड्यात असतो. त्याला आपल्याकडे नेमका शब्द आहे : उतारा. सोलापूर जिल्ह्यातील ऊस पिकविणाऱ्या कोणत्याही शेतकऱ्याला, साखरेचा उतारा अर्धा टक्का घसरला तर कारखान्याचे काय होते हे सांगावे लागत नाही. चिपांच्या कारखान्यातही तसेच आहे. भट्टीचे तापमान, आम्लाची तीव्रता, पाण्याची शुद्धता, हवेतील धूळ अशा शेकडो कारणांतून उतारा का घसरला ते शोधून काढणे हे तरुण अभियंत्याचे काम. त्या कारखान्यात तेव्हा स्त्री अभियंत्या अगदी मोजक्या होत्या, आणि त्यांतही परदेशातून आलेली, वेगळ्या उच्चाराने इंग्रजी बोलणारी ही एक. पुढे त्यांनी जे मोठे अधिकार भूषविले त्यांचा पाया या पांढऱ्या पोशाखातील वर्षांत घातला गेला असे मी मानतो, कारण अधिकारी वर्गात दोन जाती असतात : एक कागद वाचून कारखाना जाणणारी, दुसरी कारखाना पाहून कागद वाचणारी. पद्मश्रीबाई दुसऱ्या जातीच्या होत.

पायऱ्या त्यांनी एकेक चढल्या. अर्धवाहक विभागाच्या त्या तंत्रप्रमुख झाल्या. मग ‘थॉटबीम’ नावाच्या, मोटोरोलाच्याच पोटातील एका लहान कंपनीचा कारभार त्यांच्याकडे आला. या कंपनीचे काम विलक्षण होते. गॅलियम आर्सेनाइड हे द्रव्य फार वेगाने काम करते पण महाग आणि ठिसूळ. सिलिकॉन स्वस्त आणि कणखर. तेव्हा स्वस्ताच्या पाठीवर महागाचा पातळ थर चढवावा, ही कल्पना. अडचण अशी की दोन्ही स्फटिकांतील अणूंची अंतरे जुळत नाहीत. विणकराला ही अडचण चटकन कळेल : दोन वेगवेगळ्या नंबरांचे सूत एकाच ताण्यात घेतले तर ताण सारखा राहत नाही आणि कापड सुरकुतते. मोटोरोलाच्या संशोधकांनी मध्ये तिसऱ्या द्रव्याचा थर घालून ही ओढाताण शमविली. प्रयोगशाळेत ते साधले, बाजारात मात्र उभे राहिले नाही. थोरामोठ्यांच्या चरित्रांतून असे अध्याय सहसा गाळले जातात. मला तो मुद्दाम नोंदवावासा वाटतो, कारण यश न आलेला उपक्रम सांभाळलेल्या माणसावर त्यानंतरही अधिक मोठी जबाबदारी टाकली जाते, तेव्हा ती त्याच्या विवेकावर टाकलेली असते.

जानेवारी २००३ मध्ये पद्मश्रीबाई संपूर्ण मोटोरोलाच्या मुख्य तंत्रज्ञान अधिकारी झाल्या. कंपनीच्या प्रयोगशाळा आणि हजारो अभियंते त्यांच्या अखत्यारीत आले. कोणत्या संशोधनाला पैसा द्यावा आणि कोणते बंद करावे, हा त्या खुर्चीचा खरा अधिकार. आणि बंद करण्याचा निर्णय घेताना समोर बसलेल्या अभियंत्याची दहा वर्षे त्या कागदावर असतात हे विसरून चालत नाही. घर, मोटार, कचेरी या ठिकाणांतून फिरताना माणसाचा संवाद आणि त्याची माहिती कोठेही खंडित होऊ नये, या कल्पनेचा त्यांनी हिरिरीने पुरस्कार केला. आज खिशातल्या फोनने ते इतके सहज होते की ती कल्पना एके काळी पटवून द्यावी लागली होती याचे आश्चर्य वाटावे. अमेरिकेचे २००४ सालचे राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक मोटोरोलाला मिळाले, आणि तो मान त्या कंपनीला प्रथमच मिळाला. परंतु दूरध्वनीचा बाजार त्याच सुमारास पालटत होता. पातळ पात्यासारख्या ‘रेझर’ या फोनने जे वैभव दिले ते टिकले नाही; २००७ साली अ‍ॅपलचा आयफोन आला, आणि त्या वर्षाच्या अखेरीस पद्मश्रीबाई मोटोरोला सोडून सिस्को कंपनीच्या मुख्य तंत्रज्ञान अधिकारी झाल्या. मोटोरोलाच्या उतरणीचा दोष त्यांच्या माथी मारणारे भेटतात. तंत्रप्रमुखाच्या हाती प्रयोगशाळा असते, दुकान नसते. माझ्या मते हा आरोप न्यायाला धरून नाही, जरी त्या पडत्या काळाच्या जबाबदारीतून कोणताच वरिष्ठ पूर्णपणे मुक्त होऊ शकत नाही. सिस्कोत त्या २०१५ पर्यंत राहिल्या, मग निओ या चिनी विद्युत-मोटार कंपनीच्या अमेरिकेतील कारभाराच्या प्रमुख झाल्या, आणि पुढे त्यांनी ‘फेबल’ ही वाचकांची ग्रंथांशी आणि ग्रंथप्रेमींशी गाठ घालून देणारी संस्था काढली.

याच ठिकाणी एक तारीख मनाला टोचते. आपल्या सरकारने मोहालीला उभारलेल्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्समध्ये चिपांचे उत्पादन सुरू झाले तेही १९८४ सालीच. विजयवाड्याची मुलगी अ‍ॅरिझोनात पांढरा पोशाख चढवीत होती त्याच वर्षी पंजाबात आपलीही पिवळी खोली उजळली होती. १९८९ च्या फेब्रुवारीत त्या कारखान्याला आग लागली आणि तो उद्ध्वस्त झाला. तो पुन्हा उभा राहिला, परंतु मध्ये गेलेली वर्षे जग थांबून राहिले नाही. एखाद्या स्त्रीची कारकीर्द केवळ तिच्या बुद्धीवर उभी नसते. तिच्याखाली एक चालता कारखाना लागतो, पाळ्या लागतात, चुकायला जागा लागते. त्या दोन कारखान्यांची पुढची वाट सारखी असती, तर येथील किती मुलींना मोहाली जवळची वाटली असती, हा प्रश्न मला अनेक वेळा पडला आहे.

गिरणीतील नायकीण खात्याच्या दारापाशी थांबली, रेडिओची मुलगी बाकापाशी थांबली, आणि पद्मश्रीबाई थांबल्या नाहीत, याचे कारण बोटांत नव्हते. तिघींची बोटे सारखीच जाणती होती. तिसरीला शाळा मिळाली, पदवी मिळाली, रात्रीही कारखान्यात राहण्याची मोकळीक मिळाली, आणि चूक झाल्यावर पुन्हा संधी मिळाली. म्हणून तिचे नाव, तिचे साल, तिचे हुद्दे आपल्याला सांगता येतात. पहिल्या दोघींचे मात्र काहीच सांगता येत नाही. जुन्या गिरणीचे, लक्ष्मी-विष्णूचे भोंगे बंद पडून काळ लोटला. सूतखात्यात उभ्या राहिलेल्या शेकडो बायकांची नावे कोणत्याही ग्रंथात आलेली नाहीत, आणि त्यांना पाहिलेली माणसेही दिवसेंदिवस कमी होत आहेत.

शुक्रवार पेठेतील आणि एकूणच सोलापूरकर वाचकांना माझी एक विनंती आहे. ज्यांच्या घरात आजीचा वा पणजीचा गिरणीतला बिल्ला, पगाराची चिठ्ठी, हजेरीचे कार्ड किंवा सूतखात्यात उभे राहून काढलेले छायाचित्र असेल, त्यांनी ते रद्दीत घालू नये. मागच्या बाजूस पेन्सिलीने तिचे पूर्ण नाव, तिचे खाते आणि आठवत असेल तर साल लिहावे, घरी बसून कांड्या भरणाऱ्या बाईचेही तसेच लिहावे, आणि त्याची एक नक्कल हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या आपल्या गावच्या ग्रंथालयात नेऊन द्यावी.